मधुमेही मांजराची शुश्रूषा

घरांत मांजर नाहीं असा पुण्यांतील वाडा पूर्वीं क्वचितच आढळे. आज पुष्कळ वाडे जाऊन त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी मांजर कांहीं पुणेकरांच्या घरांतून हललेलें नाहीं. उलट उंदीर धरण्याच्या चाकरींतून सुटका होऊन तें आतां गादीवर लोळूं लागलें आहे. आयतें खाणें, बसून राहणें आणि वाढतें वय यांमुळें माणसास जे रोग जडतात, त्यांपैकीं एक त्यासहि जडतो. त्या रोगाचें नांव मधुमेह. मांजरास मधुमेह होतो हें ऐकून कित्येकांस हंसूं येईल. आम्हांसहि तें प्रथम आलें होतें. पुढें जें घडलें त्यानें तें हंसूं मावळलें. आणि त्यांतून आम्ही जें शिकलों तें विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें मांडावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या घरीं मनी नांवाची एक मांजरी आहे. दोन वर्षांपूर्वीं, तिच्या वयाच्या अकराव्या वर्षीं, उन्हाळ्यांत ती वारंवार पाणी पिऊं लागली. उन्हाळाच तो, म्हणून आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. तिची भूक वाढली, पण अंग मात्र उतरूं लागलें. तिच्या वाळूच्या घमेल्याभोंवतीं रोज सकाळीं मुंग्यांची रांग दिसूं लागली; तीहि आम्हीं झाडून टाकली. शेवटीं ती मागील पाय टांचेपर्यंत जमिनीस टेंकून चालूं लागली व तिला खिडकीवर उडी घेतां येईना, तेव्हां कोठें आम्ही तिला पशुवैद्यांकडे घेऊन गेलों. मुंग्या आम्हांस महिनाभर जें सांगत होत्या, तेंच त्यांनीं रक्त तपासून सांगितलें.

या मुंग्यांची साक्ष फार जुनी आहे. आपल्या प्राचीन वैद्यांनीं या रोगास मधुमेह, म्हणजे मधासारख्या मूत्राचा रोग, असें नांव दिलें आणि अशा मूत्राकडे मुंग्या धांवतात हेंहि जाणलें. याचें कारण असें कीं, अन्नांतील साखर रक्तांत उतरते. परंतु तेथून शरीराच्या पेशींत शिरण्यास तिला एक किल्ली लागते. ती किल्ली म्हणजे इन्सुलिन. जठराच्या मागें असलेल्या स्वादुपिंड नांवाच्या ग्रंथींत पेशींचे लहान लहान पुंजके बेटांसारखे विखुरलेले असतात. त्यांत इन्सुलिन तयार होतें, आणि बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच त्याचें नांव पडलें आहे. किल्ली कमी पडली अथवा कुलूपच गंजलें, म्हणजे साखर रक्तांत सांचत जाते. निरोगी मांजराच्या १०० मिलिलिटर रक्तांत साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम साखर असते. ती २५० ते ३०० च्या घरांत पोंचली म्हणजे मूत्रपिंडांस आवरेनाशी होऊन मूत्रावाटे बाहेर पडूं लागते व आपल्यासवें पाणी ओढून नेते. म्हणून तहान वाढते. पेशी मात्र उपाशीच राहतात. म्हणून खाऊनहि अंग झडतें. कोठार धान्यानें भरलेलें, पण त्याची किल्ली हरवलेली, अशी ही अवस्था होय. मांजराचा मधुमेह बहुधा प्रौढ माणसांच्या मधुमेहासारखा असतो. लठ्ठपणा हें त्याचें एक मुख्य कारण असून बोक्यांत तो अधिक आढळतो.

हें ज्ञान माणसास मिळालें तें मुक्या प्राण्यांच्याच द्वारें, हें विसरतां कामा नये. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिन्कोव्स्की व फोन मेरिंग या दोघां संशोधकांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्यास मधुमेह झाला. रोगाचें मूळ कोठें आहे हें त्यावरून उमगलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं आपल्या पुण्यांत, कॉलेज ऑफ सायन्समध्यें, जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ सालीं कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली, आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ही तिचीच वाढ होय. पुढें १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं, मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत, कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन वेगळें काढलें. कॉलिप यांनीं तें शुद्ध केलें. आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे दिवस लांबविणें एवढेंच वैद्यांच्या हातीं होतें. प्रारंभीं इन्सुलिन गाई-बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. नवलाची गोष्ट ही कीं, मांजराचें इन्सुलिन व गाईचें इन्सुलिन यांच्या रचनेंत अवघ्या एका घटकाचा फरक आहे. कुत्र्यांच्या द्वारें जें माणसास मिळालें तें आज माणूस मांजरास देत आहे. यास ऋणाची अल्पशी फेड म्हणावें.

आतां उपचाराकडे वळूं. मुंबईचें १८८६ सालचें पशुवैद्यक महाविद्यालय, शिरवळचें क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय अशा संस्थांमुळें शिकलेले पशुवैद्य आज आपल्या भागांत दुर्मिळ नाहींत. परंतु औषध ठरविणें एवढेंच वैद्यांचें काम. तें दिवसांतून दोनदां, बिनचूक, महिनोन्‌महिने देणें हें घरच्या माणसांचें काम. यांत तीन गोष्टी येतात: अन्न, इन्सुलिन आणि मोजमाप.

अन्नाविषयीं प्रथम सांगावयाचें तें हें कीं, मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी आहे. आपल्याकडे त्यास दूधभात अथवा दूधपोळी घालण्याची रीति आहे. तींतील पिष्टमय भाग मधुमेही मांजरास मानवत नाहीं. त्यास मांस, मासळी यांसारखें प्रथिनयुक्त व कमी पिष्टाचें अन्न हवें. मात्र नुसती उकडलेली कोंबडी घातली म्हणजे काम झालें असें नव्हे. मांजरास आवश्यक असलेलीं इतर द्रव्यें त्यांतून पुरेशीं मिळत नाहींत, म्हणून आहार वैद्यांस विचारूनच ठरवावा. आणखी एक सावधगिरी अशी कीं, अन्न बदललें म्हणजे इन्सुलिनची गरजहि बदलते. दूधभात बंद केला पण इन्सुलिन तेवढेंच ठेविलें, तर साखर धोक्याइतकी खालीं येऊं शकते.

इन्सुलिन बहुधा बारा-बारा तासांनीं, खाण्याच्या वेळीं, कातडीखालीं टोंचतात. पाठीच्या वा कुशीच्या सैल कातडीची चिमूट उचलून तिच्या खोबणींत बारीक सुई घालावी. सवय झाली म्हणजे मांजर खातां खातां मान वर करून पाहतहि नाहीं. बाटली फ्रीजमध्यें २ ते ८ अंश सेल्सिअसवर ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नये. पुण्याच्या वैशाखांत ती बाहेर विसरणें म्हणजे औषध निकामी करणेंच होय. प्रमाण फार लहान असतें. आरंभ पुष्कळदां एका वेळीं एका युनिटाच्या आसपास होतो. १०० युनिटांच्या इन्सुलिनचें एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. पाण्याच्या एका थेंबाच्या पंचमांशाएवढें.

येथें विद्यार्थ्यांनीं पाटी घेऊन बसावें. आपल्या देशांत एका मिलिलिटरमध्यें ४० युनिटें असलेलें आणि १०० युनिटें असलेलें, अशीं दोन प्रकारचीं इन्सुलिनें विकत मिळतात, आणि प्रत्येकाची सिरिंज निराळी असते. बहुधा ४० च्या सिरिंजचें टोपण लाल व १०० च्या सिरिंजचें नारिंगी असतें. आतां समजा, कोणीं १०० च्या बाटलींतील औषध ४० च्या सिरिंजनें एका खुणेपर्यंत भरलें. ती एक खूण म्हणजे १ ÷ ४० = ०.०२५ मिलिलिटर, आणि ०.०२५ × १०० = २.५. म्हणजे एक युनिट देतों असें समजून अडीच युनिटें दिलीं गेलीं! चार-पांच किलोच्या प्राण्यास ही चूक जीवघेणी होऊं शकते. याच्या उलट, ४० चें औषध १०० च्या सिरिंजनें भरल्यास किती युनिटें जातील, तें प्रत्येकानें स्वतः काढून पाहावें. दशांशचिन्हाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलास एवढें एकच उदाहरण पुरे आहे.

तिसरी गोष्ट मोजमापाची. मांजर भ्यालें म्हणजे निरोगी असतांहि त्याची साखर चढते. त्यामुळें दवाखान्यांतला आंकडा फसवा ठरूं शकतो. त्यावर उपाय म्हणून वैद्य फ्रुक्टोसामिन नांवाची तपासणी करतात. तीवरून मागील सुमारें दोन आठवड्यांची कल्पना येते. पण रोजची स्थिति कळण्यास घरचें मोजमापच हवें. मांजराचा कान कोमट फडक्यानें शेकावा, मागें कापूस धरावा, कडेच्या शिरेजवळ बारीक सुई टोंचावी, आणि येणारा लहानसा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीस लावून कापूस दाबून धरावा. वैद्य सांगतील त्या दिवशीं बारा तासांत दर दोन-तीन तासांनीं असे आंकडे घेतले म्हणजे साखर केव्हां सर्वांत खालीं जाते हें दिसतें. तो खालचा आंकडा साधारणतः ८० च्या खालीं उतरूं नये. मात्र माणसांसाठीं केलेलें यंत्र मांजराच्या रक्तांतील साखर बहुधा खऱ्याहून कमी दाखवितें, हें ध्यानांत ठेवावें. कोणतें यंत्र वापरतों तें वैद्यांस सांगावें व मध्येंच बदलूं नये.

एवढें सर्व आम्ही शिकलों होतों, तरीहि एक चूक आमच्या हातून झालीच. गणपतीचे दिवस होते. घर पाहुण्यांनीं भरलें होतें. सायंकाळीं सात वाजतां आमच्या मुलानें मनीस इन्सुलिन दिलें. अर्ध्या तासानें, त्याला न विचारतां, आम्हींहि दिलें. रात्रीं अकरा वाजतां ती झोंकांड्या खात कोपऱ्यांत गेली व थरथरूं लागली. यंत्रानें ३८ हा आंकडा दाखविला. पशुवैद्यांनीं फोनवर सांगितल्याप्रमाणें आम्हीं बोटानें तिच्या हिरड्यांवर मध चोळला, आणि तशाच रात्रीं तिला त्यांच्याकडे नेलें. तेथें शिरेंतून साखर दिल्यावर पहाटे तिनें डोळे उघडून आमच्याकडे पाहिलें. मधावरून ज्या रोगाचें नांव पडलें, त्याच रोगांत मधानें तिचा जीव तगविला!

घरीं परततांना मुलगा रडूं लागला व म्हणाला, “बाबा, चूक माझी.” आम्ही त्यास म्हणालों, “बाळ, तूं वेळेवर दिलेंस, आम्हींहि वेळेवर दिलें. पण दोघांपैकीं कोणींच लिहून ठेविलें नाहीं. चूक ती.” त्या दिवसापासून फ्रीजच्या दारास एक वही टांगलेली आहे. तारीख, वेळ, किती खाल्लें, साखरेचा आंकडा, किती युनिटें आणि देणाऱ्याची सही. सही झाल्यावांचून सिरिंज टाकावयाची नाहीं व वही पाहिल्यावांचून हातीं घ्यावयाची नाहीं. ही वही आमच्या मुलाच्या ताब्यांत आहे, आणि परीक्षेच्या दिवसांतहि तिचें एक पान कोरें गेलेलें नाहीं.

त्या रात्रीनें शिकविलेले नियम थोडक्यांत असे:

१. इन्सुलिन दिलें कीं नाहीं याचा संशय असेल तर पुन्हां देऊं नये. एखादी मात्रा चुकल्यानें सहसा अनर्थ होत नाहीं. दुहेरी मात्रेनें होऊं शकतो. टोंचतांना कांहीं भाग बाहेर सांडला तरी पुन्हां भरून देऊं नये.

२. मांजर जेवलें नाहीं तर नेहमींची मात्रा देण्यापूर्वीं वैद्यांस विचारावें.

३. अशक्तपणा, झोंकांड्या, थरथर वा झटके दिसल्यास मध अथवा साखरेचें दाट पाणी हिरड्यांवर चोळावें. शुद्ध हरपलेल्या प्राण्याच्या घशांत कांहीं ओतूं नये. शुद्धीवर असल्यास खावयास द्यावें, व वैद्यांकडे न्यावें.

४. खाणें सुटणें, वांत्या, ग्लानि व श्वासास विचित्र गोड दर्प हीं लक्षणें दिसल्यास, इन्सुलिनच्या अभावीं शरीर चरबी जाळून विषारी द्रव्यें निर्माण करीत आहे असें समजावें व क्षणाचाहि विलंब करूं नये.

५. आजोबांच्या बाटलींतील इन्सुलिन वैद्यांच्या आज्ञेवांचून मांजरास देऊं नये. मात्राहि आपल्या मतानें वाढवूं नये.

हें सर्व ऐकून कोणास वाटेल कीं, हा जन्माचा जाच आहे. तसें नेहमींच नसतें. लवकर व नेटानें उपचार झाले तर कित्येक मांजरांचें स्वादुपिंड पुन्हां सावरतें व इन्सुलिनची गरज कांहीं काळ, क्वचित् कायमचीहि, सरते. म्हणूनच मोजमाप सोडतां येत नाहीं. गरज सरल्यावरहि औषध चालूं राहिलें तर तेंच घात करील. आमच्या मनीस तो योग अद्याप आलेला नाहीं. परंतु ती पुन्हां चारी पाय नीट टाकून चालते, खिडकीवर उडी घेते, आणि सकाळीं सात वाजले कीं आपण होऊन वहीखालीं येऊन बसते.

मुका प्राणी आपली व्यथा सांगूं शकत नाहीं. काल काय दिलें, किती दिलें, हेंहि त्यास सांगतां येत नाहीं. त्याची स्मृति व त्याची वाणी आपणांसच व्हावें लागतें. प्रेम तर आमच्या घरांत त्या रात्रींहि पुष्कळ होतें. कमी होती ती एका ओळीची नोंद. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें, आणि पालकांनीं अशी एखादी वही निर्भयपणें मुलांच्या हातीं सोंपवावी.