फोटोवर थर चढवून पोट भरेल का?

पाचशेची नोट हातात घ्या. तिच्यावरचा गांधीजींचा चेहरा 1946 मधल्या एका छायाचित्रावरून घेतलेला आहे. खाली बारीक रेघांची ऑफसेट छपाई आणि वर कोरीव प्लेटने दाबून छापलेला चेहरा, म्हणून बोट फिरवलं की शाई उंच लागते. छपाईचे असे थर एकावर एक बसवण्याचं काम देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये रोज चालतं आणि गावातली कित्येक घरं त्यावर उभी राहिली. तरी मुलीने ‘मला मिक्स्ड मीडिया, म्हणजे फोटो, कागद, धागा, रंग असं वेगवेगळं सामान एका चित्रात बसवणं, शिकायचंय’ म्हटलं की त्याच घरांत काळजी सुरू होते. काळजी रास्त आहे, फक्त ती भलत्या जागी लागते. चित्र विकलं जाईल का, हे विचारण्याआधी मुलीचा हात सामानावर बसलाय का, हे पाहायला हवं. या क्षेत्रात चित्रविक्रीचा भरवसा थोडा. नियमित पैसा येतो तो सामानाच्या जाणकारीतून.

ही जाणकारी म्हणजे काय? लेझर प्रिंटरवर काढलेला फोटो जेल मीडियम (घट्ट ॲक्रिलिक लेप) लावलेल्या फळीवर पालथा चिकटवतात, पुरता वाळू देतात, मग ओल्या बोटाने चोळत मागचा कागद काढून टाकतात. टोनर फळीवर राहतो. घाई केली तर चेहऱ्याचा डोळाच कागदाबरोबर निघून येतो. पुढे टिश्यू पेपर, सुती धागा, पातळ रंग. कुठला थर कशावर धरतो आणि कुठला सुटतो, हे हाताला कळायला वर्षं जातात. छपाई, मुखपृष्ठं, वेष्टनं, नेपथ्य, जुन्या फोटोंचं जतन या सगळ्या कामांत हीच समज लागते. निफ्ट या फॅशन संस्थेच्या डिझाइन प्रवेशातही दिलेल्या सामानातून वस्तू घडवायला लावतात, आणि तिथे बारावीची कोणतीही शाखा चालते. तिचं एक केंद्र भोपाळला आहे. बीएफए ही ललित कलेची चार वर्षांची पदवी तर देवासजवळच्या इंदूरलाच घेता येते.

असले परिणाम मोबाइल क्षणात देतो, मग चार वर्षं कशाला, असं पालक विचारतात. पण जे पडद्यावर क्षणात मिळतं त्याचे पैसे कोणी फारसे देत नाही. फळीवरचा उंचसखल पोत पडद्यातून मिळत नाही. केवळ ॲपवर रमणाऱ्या मुलाला मात्र मी या वाटेला जाऊ नको असंच सांगेन.

दुसरा आक्षेप पोटाचा. नामवंत छायाचित्रकार लाला दीन दयाळ रुरकीला अभियांत्रिकी शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि 1874 च्या सुमारास, नोकरी न सोडता, छायाचित्रणाकडे वळले. कॅमेऱ्यावर पूर्णवेळ विसंबले ते पुढे, नाव झाल्यावर. हा क्रम आजही शहाणपणाचा आहे. सामान महाग पडतं म्हणणाऱ्यांनी विष्णू चिंचाळकर गुरुजी आठवावेत. देवास संस्थानातल्या आलोटला जन्मलेल्या आणि इंदूरला कलाशिक्षक देवळालीकरांच्या हाताखाली घडलेल्या या चित्रकाराने वाळकी पानं, झाडांच्या साली, टाकाऊ तुकडे यांतून चित्रं उभी केली.

तेव्हा फी भरण्याआधी मुलीला एक सुट्टी द्या. जुने फोटो, रद्दी, डिंक आणि एक फळी तिच्यापुढे ठेवा. पहिली दोन-तीन कामं फसल्यावरही ती स्वतःहून चौथं हाती घेत असेल, तर प्रवेशाचा अर्ज बिनधास्त भरा.