जुन्या हत्याराचे मोल

जुने हत्यार हाती आले की त्याची किंमत किती, हा प्रश्न प्रथम मनात येतो. घरातील वडिलोपार्जित रंधा किंवा वाकस पारखताना चार गोष्टी पाहाव्या लागतात: घडविण्याचा पदार्थ, घडण, वापराने झालेली झीज आणि ते कोठून, कोणाच्या हातून आले याची माहिती. पहिल्या तीन गोष्टी हत्यार स्वतःच सांगते. चौथी कोणी नोंदवून ठेवली नसेल, तर ती कायमची नष्ट होते.

या चौथ्या गोष्टीचे महत्त्व चेन्नईत एग्मोर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १८५१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी जमविलेला अश्मयुगीन हत्यारांचा संग्रह आहे. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे जांभ्याच्या खडीत फूट यांना माणसाने घडविलेले दगडी हत्यार आढळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विल्यम किंग यांच्यासमवेत त्यांनी अत्तिरमपाक्कम हे स्थळ शोधले. आपल्या संग्रहातील वस्तू कोठे मिळाल्या, हे त्यांनी काळजीपूर्वक टिपून ठेवले. १९१२ साली त्यांचे निधन झाले. संग्रहाची स्थळवार सूची त्यानंतर, १९१४ साली, प्रसिद्ध झाली.

बाजारात अशा दगडाला फारशी किंमत कोण देणार? परंतु स्थळाची नोंद होती म्हणूनच पुढील संशोधक पुन्हा तेथे जाऊ शकले. शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्तिरमपाक्कम येथे नव्याने उत्खनन केले. हत्यारे किती काळ जमिनीखाली गाडलेली होती, हे त्यांतील किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या प्रमाणावरून मोजण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील सर्वांत जुन्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. ठिकाण अज्ञात असलेल्या हातकुऱ्हाडीवरून तेथील मानवी वस्तीचा हा इतिहास कळला नसता.

घरातील हत्यारांनाही हाच नियम लागू पडतो. जुना रंधा घासून चकचकीत केल्यास त्यावरील कारागिराची खूण व हाताची झीज पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम मालकाचे नाव, गाव, व्यवसाय आणि अंदाजे काळ एका चिठ्ठीवर लिहून ती हत्याराला बांधावी. प्राचीन वस्तू जमिनीत आढळल्यास ती न हलविता पुरातत्त्व खात्यास कळवावे. किमतीची चौकशी त्यानंतर करता येते. माहिती देणारी वृद्ध माणसे मात्र तोवर थांबतीलच असे नाही.