भुलेतही हलणारे आतडे

झांशीच्या परिसरात, बुंदेलखंडाच्या इतर मुलखाप्रमाणेच, पडीक जागी आणि वाटांच्या कडेला धोतरा आपोआप उगवतो. त्याचे फळ पोटात गेल्यास घसा कोरडा पडतो, नाडी धावू लागते व माणूस भ्रमिष्ट होतो, हे खेड्यापाड्यांतून सर्वांस ठाऊक असते. त्याच्या विषांपैकी हायोसीन या द्रव्यापासून बनविलेले एक औषध शस्त्रक्रियेच्या वेळी आतडे स्तब्ध करण्यासाठी वापरतात.

१९६८ साली झांशीस महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, त्या सुमारास काचतंतूंची दुर्बीण हे मुख्यतः पोटात डोकावण्याचे साधन होते. आता त्याच नळीतून बारीक सुरी आत जाते आणि आतड्याचे अस्तर तेवढे सोलून काढता येते. मोठ्या आतड्याची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची. सुरी टेकलेली असताना आकुंचनाची एखादी लाट आली, तर भिंतीस भोक पडण्याचा धोका असतो.

रोग्यास पूर्ण भूल दिली, स्नायू शिथिल करणारे औषधही दिले, तरी आतडे का हलते? ते औषध केवळ हातापायांच्या, पोटाच्या व श्वसनाच्या ऐच्छिक स्नायूंवर चालते. आतड्याचे स्नायू निराळ्या जातीचे असून त्यांना स्वतःचे मज्जाजाल आहे. बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत आतड्याकडे येणाऱ्या बाहेरील नसा तोडल्या. तरीही घासाच्या मागे आकुंचन व पुढे शिथिलता हा क्रम चालूच राहिला. जठरात मिनिटास सुमारे तीन, तर लहान आतड्याच्या आरंभी सुमारे बारा असा या लयीचा वेग असतो. वायुरूप भुलेने हालचाल मंदावते खरी. पण तेवढ्यावर विसंबता येत नाही.

म्हणून हायोसीन ब्यूटिलब्रोमाइड, बहुधा २० मिलिग्रॅम, शिरेतून देतात. ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही. त्यामुळे धोतऱ्याचा भ्रम टळतो, मात्र नाडी वाढतेच. काचबिंदूच्या काही प्रकारांत, लघवी तुंबणाऱ्यांस व हृदयविकाऱ्यांस ते जपूनच द्यावे लागते. अशा वेळी ग्लुकागॉन हे स्वादुपिंडाचे संप्रेरक कामी येते. परंतु ते महाग असून रक्तातील साखर वाढवते. जपानात पुदिन्याचे सत्त्व, मेंथॉल, नळीतून थेट जठराच्या भिंतीवर फवारतात. ज्या पुदिन्याची शेती झांशीच्याच राज्यात, बाराबंकीकडे, मोठ्या प्रमाणावर चालते, त्यातूनही मेंथॉल निघते. ते स्नायुपेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमची वाट अडवते. या औषधांचा अंमल अल्पकाळ टिकतो. तेव्हा मात्रा प्रत्यक्ष कापण्याच्या आधी द्यावी, नळी घालतानाच उधळू नये.

सारीच हालचाल आतड्याची नसते, हे पुष्कळदा विसरले जाते. श्वासयंत्राच्या प्रत्येक फुगवटीबरोबर पडदा खाली येतो व जठर सरकते. येथे औषधाचा उपयोग नाही; शस्त्रवैद्याने सांगताच भूलतज्ज्ञाने श्वास लहान करावा, अथवा काही क्षण थांबवावा.

शेवटी स्नायुशैथिल्य उतरविण्यासाठी निओस्टिग्मीन देण्याची रूढ पद्धत आहे. हे औषध आतड्यास जोराने आकुंचित करते. म्हणून त्याच्या जोडीस ग्लायकोपायरोलेट देतात; तरीही नुकतीच शिवलेली जागा नाजूक असल्यास, व शैथिल्याचे औषध त्या जातीचे असल्यास, सुगामाडेक्स वापरणे पुष्कळ भूलतज्ज्ञ पसंत करतात, कारण त्याचा आतड्याच्या मज्जाजालाशी संबंध येत नाही.