वेळा अमावास्येचे ताट आणि घरचे बियाणे

मार्गशीर्ष वद्य अमावास्येस सोलापूर जिल्ह्यातील अनेक गावे दुपारी ओस पडतात. सारा गाव शेतात असतो. हा सण वेळा अमावास्या किंवा येळवस या नावाने ओळखला जातो. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. सीमेपलीकडे हाच दिवस एळ्ळ अमावास्या म्हणून पाळतात. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतही तो मोठ्या उत्साहाने साजरा होतो. या सणात पूजा, भोजन आणि पीकपाहणी ही तिन्ही कामे एकाच दिवशी, एकाच शेतात होतात. म्हणून शेतीच्या दृष्टीने त्याचा अभ्यास करणे उपयुक्त आहे.

सणाचे स्वरूप

शेतात कडब्याची कोप उभारून तीत पाच पांडवांचे दगड मांडतात व लक्ष्मीची पूजा करतात. नंतर शेताला फेरी घालून पिकावर आंबील शिंपडतात. ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावून पंगतीस बसवितात. या दिवशी कोणी उपाशी राहू नये, असा संकेत आहे.

ताटातील पदार्थ

तुरीचे ओले दाणे, हरभरा, पावटा, वाटाणा, मेथी व इतर पालेभाज्या एकत्र शिजवून, चिंचेचा कोळ व बेसन लावून भज्जी करतात. तिच्यासोबत बाजरीचे उंडे असतात. ज्वारीचे पीठ व ताक यांची आंबील मडक्यात भरून शेतावर आणतात.

या जोडणीला पोषणाचा आधार आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. डाळवर्गीय दाण्यांत तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. पीठ आंबविल्याने ते पचनास हलके होते.

ताट कोठून येते?

हे सर्व जिन्नस पूर्वी त्याच शेतातून येत. खोल काळ्या जमिनीतील ओलीवर ज्वारी, तिच्यात हरभऱ्याच्या ओळी आणि कडेने जनावरांना अटकाव करणारी काटेरी करडई, अशी येथील मांडणी होती. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर भीमाकाठी ऊस वाढला. त्याने पैसा आला, हे खरेच. परंतु आज अनेक घरांत भज्जीची तूर आणि उंड्याचे पीठ बाजारातून येते. सण टिकला, पण त्याला पोसणारे शेत आटत चालले आहे. बियाणे एकदा घरातून गेले की ते परत मिळविणे अवघड असते.

सोलापूरचा वारसा या बाबतीत मोठा आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण दूरवर पसरला. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारे खुली केल्याची कथा याच मंगळवेढ्याची आहे.

फेरीचा उपयोग

वेळा अमावास्येस ज्वारी सामान्यतः पोटरीत किंवा निसवणीत असते. आंबील शिंपडताना शेतकऱ्यांनी पुढील कामे करावीत.

१. शेताच्या मध्यभागी एक तुकडा बियाण्यासाठी राखावा.

२. त्यातील वेगळ्या उंचीची व पानांची झाडे उपटावीत. शक्यतो फुलोऱ्यापूर्वीच हे काम करावे.

३. पक्व झाल्यावर निरोगी, भरदार कणसे निवडावीत. एका कणसापासून ५० ग्रॅम दाणे धरल्यास ८० कणसांतून ४ किलो, म्हणजे एका एकराचे बियाणे मिळते. तूट लक्षात घेऊन १०० कणसे घ्यावीत.

४. बियाणे चांगले वाळवून कोरड्या जागी ठेवावे. पेरणीपूर्वी प्रति किलो ४ ग्रॅम ३०० मेश गंधक चोळावे. त्यामुळे दाणे काणीस आळा बसतो.

संकरित वाणाचे दाणे बियाणे म्हणून ठेवू नयेत. हलक्या जमिनीत मालदांडीचा हट्ट न धरता फुले अनुराधासारखा सुधारित सरळ वाण घ्यावा.

गावपातळीवरील कार्य

कार्यकर्त्यांनी सणापूर्वी गावात बैठक घ्यावी. कोणत्या घरी कोणते जुने बियाणे आहे याची यादी करावी व ते शाळेत मांडावे. भज्जी आणि आंबिलीच्या कृती वडीलधाऱ्या स्त्रियांकडून विचारून मुलांनी वहीत लिहून घ्याव्यात. कारण कोणता दाणा केव्हा तोडावा, हे ज्ञान त्यांच्यापाशीच आहे. ऊस असलेल्या शेतकऱ्यांनीही निदान दोन गुंठ्यांत ज्वारी, तूर आणि हरभरा ठेवावा.

पुढील वर्षीच्या पंगतीत भज्जीतील किती दाणे स्वतःच्या शेतातील आहेत, हे प्रत्येक घराने मोजावे. वारसा किती टिकला, याचे तेच खरे माप होय.