युगांडाचे नव्वद दिवस आणि व्हिसाची कचेरी

युगांडाचे अध्यक्ष इदी अमीन यांनी ऑगस्ट १९७२ मध्ये तेथील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. ती ८ नोव्हेंबरला संपणार होती. या लोकांत बहुसंख्य गुजराती होते. सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारे गोव्याचे लोकही होते. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना ब्रिटनचा आधार होता व सुमारे २८,००० लोक तेथे गेले. (लेस्टरच्या नगर परिषदेने मात्र युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे कळविले, हेही विसरता कामा नये.) परंतु युगांडाचे नागरिकत्व घेतलेल्या अनेकांचे कागद तपासणीत रद्द ठरविले गेले. ते कोणत्याच देशाचे राहिले नाहीत.

अशा वेळी कॅनडाचे इमिग्रेशन अधिकारी रॉजर सेंट व्हिन्सेंट बैरुतहून कंपालास आले. ६ सप्टेंबरला त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कचेरी उघडली. पहिल्याच दिवशी अडीच हजारांवर अर्जाचे कागद आले. पुढे मुलाखतीसाठी बोलावताना वृत्तपत्रात नावांऐवजी क्रमांक छापले जात. रस्तोरस्ती सैनिक उभे असताना नाव छापून येणे धोक्याचे होते, हे आपण समजू शकतो.

कॅनडात १९६७ पासून गुणपद्धती होती. शिक्षण, वय, भाषा, कौशल्य यांना गुण. १०० पैकी ५० मिळाले तर प्रवेश. विद्यार्थ्यांनी येथे जरा थांबावे. गुण कमी पडले तरी अधिकाऱ्यास स्वतःच्या निर्णयाने मंजुरी देण्याची सोय त्याच नियमांत होती. कंपालाच्या अधिकाऱ्यांनी ती वापरली. आपल्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत ते जाणतात की, अशी सोय पुष्कळ नियमांत असते. पण ‘वर विचारतो’ म्हणून फाईल बाजूला ठेवणे अधिक सुरक्षित वाटते. तेथे वर विचारायला वेळच नव्हता. हे अधिकारी फार दयाळू होते असे आम्ही म्हणत नाही. शिकलेले, धंदा जाणणारे लोक कॅनडाला हवेच होते.

२७ सप्टेंबरला पहिले विमान निघाले. एकूण ३१ खास विमानांतून सुमारे ४,४०० लोक मॉन्ट्रियलला उतरले. लष्करी तळावर त्यांची प्रथम राहण्याची सोय झाली. थंडीचे कपडे मिळाले. कोणाचाच व्हिसा न मिळालेल्यांना संयुक्त राष्ट्रांनी इटली, ऑस्ट्रिया, माल्टा येथील छावण्यांत नेले. तेथून पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती.