बिनतारी जाळे आणि सीमाभागातील पेढी

पेढी म्हणजे गादी, गादीजवळ तिजोरी आणि तिजोरीजवळ टेलिफोन, अशी आपल्या व्यापाराची बैठक कित्येक वर्षे ठरून गेलेली होती. मुंबईस किंवा अहमदाबादेस ट्रंक कॉल नोंदवावयाचा आणि तो लागेपर्यंत यंत्राजवळ बसून राहावयाचे, हा दिनक्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. टेलिफोन हा व्यापाऱ्याचा सेवक होता असे म्हणण्यापेक्षा व्यापारीच टेलिफोनला बांधलेला होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. मालक वखारीत माल पाहावयास गेला, तर पेढीवर आलेला भाव त्याला कळत नसे; पेढीवर बसला, तर वखारीत काय चालले आहे ते दिसत नसे. बिनतारी जाळ्याने व्यापाऱ्याला काय दिले, याचा विचार या अडचणीपासूनच सुरू केला पाहिजे. संदेश लवकर पोहोचू लागला हा लाभ खरा. पण तो तारेनेही दिलेला होता. नवा लाभ हा की, ज्याला संदेश हवा तो माणूस जागेचा कैदी राहिला नाही.

तारेवाचून संदेश जाऊ शकतो, हे आपल्या देशाला परके नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युत्‌लहरींच्या योगे दूर अंतरावरील घंटा वाजवून दाखविली होती. मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पोहोचविला तो १९०१ साली. पुढे १९२७ साली पुण्याजवळ खडकी येथे प्रक्षेपक व दौंड येथे ग्राहक केंद्र उभारून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. मात्र तिचा उपयोग मुंबईच्या मोठ्या आयात-निर्यात पेढ्यांपुरता राहिला. आपल्यासारख्या पेठेतील दुकानात बिनतारी विद्या शिरली ती रेडिओच्या रूपाने. धारवाड केंद्र १९५० चे आणि सांगली केंद्र १९६३ चे. आकाशवाणीवर बाजारभाव ऐकता येत. पण रेडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही. सांगलीस हळदीचा भाव चढला हे कळले, तरी आपला माल कोण घेईल हे विचारण्यासाठी पुन्हा पत्र, तार किंवा ट्रंक कॉल हेच साधन होते.

ही उणीव मोबाइलने भरून काढली. परंतु एका दिवसात नव्हे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भारतातील पहिले मोबाइल संभाषण केले. त्या काळी गर्दीच्या वेळेस मिनिटाला १६ रुपयांच्या घरात आकार पडे आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. अशा दराने बोलणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडणार? मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले, तेव्हाच मोबाइल दलाल, लॉरीचालक आणि हमालांचा मुकादम यांच्या खिशात जाऊन पोहोचला. आमच्या मते व्यापारी इतिहासात १९९५ पेक्षा २००३ हे साल महत्त्वाचे आहे. कारण केवळ मालकाजवळ यंत्र असून भागत नाही, ज्याच्याशी व्यवहार करावयाचा त्याच्याजवळही ते असावे लागते. तारेची सेवा तर १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटचे संदेश घेऊन कायमची थांबली.

आपल्या भागाची एक अडचण मात्र पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याला कधी कळली नाही. सरकारने मोबाइल सेवेसाठी देशाची मंडले पाडली. त्यांत निपाणी, चिकोडी व बेळगाव कर्नाटक मंडलात गेले. कागल, कोल्हापूर, गडहिंग्लज व चंदगड महाराष्ट्र-गोवा मंडलात राहिले. राज्यांची सीमा नकाशावर रेघ ओढून ठरविता येते. लहरींना ती रेघ दिसत नाही. कोगनोळीच्या बाजूस उभा असलेला मनुष्य कर्नाटकातच असे, पण त्याचे यंत्र पलीकडच्या मनोऱ्याला चिकटे आणि त्याच्यावर रोमिंगचा आकार चढे. ज्यांचा सकाळचा व्यवहार निपाणीत व दुपारचा कागल-कोल्हापुरात, त्यांना दोन सिमकार्डे बाळगावी लागत आणि ग्राहकांना दोन क्रमांक द्यावे लागत. जुलै २०१५ पासून क्रमांक तोच ठेवून एका मंडलातून दुसऱ्यात जाण्याची मुभा मिळाली, आणि २०१६-१७ च्या स्पर्धेत मोठ्या कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचा आकारच काढून टाकला. बेळगावचा रविवार पेठेतील व्यापारी आणि कोल्हापूरचा गूळ-व्यापारी एकाच पेठेत बसल्यासारखे झाले ते त्या दिवसापासून. सीमाभागाला या जाळ्याचा लाभ इतरांहून दुप्पट झाला असे आम्ही म्हणतो, ते एवढ्यासाठी.

आता भावाच्या प्रश्नाकडे वळू. हा भाग काही बंधूंना रुचणार नाही. परंतु तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. तिचा मासळीच्या बाजारावर काय परिणाम झाला, याचा अभ्यास रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने केला व तो २००७ साली प्रसिद्ध झाला. सेवा येण्यापूर्वीच्या एका सकाळी वडकरा बंदरात ११ नावांना गिऱ्हाईक मिळेना आणि मासळी टाकून देण्याची वेळ आली. त्याच सकाळी १५ किलोमीटरांच्या आतील बाजारांत २७ खरेदीदार रिकाम्या हाताने परतण्याच्या बेतात होते. दोघांनाही दोष देता येत नाही; दोघांमध्ये वार्ता नव्हती, एवढेच. मोबाइल आल्यावर निरनिराळ्या बंदरांतील भाव जवळजवळ सारखे झाले, मासळी टाकून देणे थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली.

मासळी नाशिवंत असते आणि तंबाखू वखारीत महिनोन्‌महिने राहते, हा भेद मोठा आहे. तरीही या उदाहरणाचा निपाणीशी संबंध आहेच. येथील विडी-तंबाखूला तंबाखू मंडळाच्या लिलावाचा आधार नाही. खरेदी वखारवाला आणि शेतकरी यांच्या बोलीवर होते. १९८१ साली निपाणीच्या महामार्गावर तंबाखू उत्पादकांनी जे आंदोलन केले, आणि ज्याच्या अखेरीस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, त्याच्या मुळाशी भाव हाच प्रश्न होता. बाहेरचा भाव एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा स्थितीत झालेला सौदा कितीही प्रामाणिक असो, त्यावर संशयाची छाया राहतेच. आज शेतकरी शेताच्या बांधावरून चार ठिकाणी चौकशी करून मग वखारीत येतो. भाव आधी कळल्यामुळे मिळणारा नफा व्यापाऱ्याच्या हातून गेला आहे आणि तो परत येणार नाही. तो गेल्याबद्दल हळहळण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. मालाची पारख, तो राखण्याची हातोटी, वेळेवर पट्टी देणे आणि उधारीतला सांभाळ ही व्यापाऱ्याची खरी मजुरी होय, आणि तिला मोबाइलने धक्का लावलेला नाही. पानाचे छायाचित्र मोबाइलवर येते. त्यात रंग दिसतो, पण तिखटपणा आणि ओल कळत नाही. नमुना हातात घेऊन चुरगाळल्यावाचून तंबाखूचा सौदा करणारा पुढे पस्तावतो, हे येथे कोणासही सांगावे लागणार नाही.

पेढीबाहेर राहून पेढी चालविता येते याचा उत्तम पडताळा वाहतुकीत मिळतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि अनेक राज्यांनी सीमेवरील तपासणी नाके उठविले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीत ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल आवश्यक झाले. बेळगावहून कोल्हापूर म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास. तरी तो आंतरराज्यच. समजा, माल भरलेली लॉरी तवंदीच्या घाटात बिघडली आणि माल दुसऱ्या लॉरीत चढवावा लागला. अशा वेळी बिलाच्या दुसऱ्या भागात नव्या गाडीचा क्रमांक नोंदविल्यावाचून माल पुढे नेता येत नाही. चालकाने फोन करावा, दिवाणजीने जेथे असेल तेथून मोबाइलवर क्रमांक बदलावा आणि अर्ध्या तासात माल मार्गस्थ व्हावा, हे आता शक्य आहे. बिलाची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरांस एक दिवस अशी आहे; काही कारणाने ती संपत आल्यास, संपण्यापूर्वीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत ती वाढवून घेता येते. ही वेळ मध्यरात्रीची असली, तर पेढीचे कुलूप उघडण्याची वाट पाहून कसे चालेल?

याच महामार्गावरील हत्तरगी आणि कोगनोळीच्या टोलनाक्यांवर आणखी एक बिनतारी साधन काम करीत असते. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची झालेली फास्टॅगची पट्टी ही बॅटरीवाचून चालणारी लहानशी बिनतारी चकतीच होय. नाक्यावरच्या यंत्राची लहर तिच्यावर पडते, त्याच लहरीच्या शक्तीवर ती आपला क्रमांक परत पाठविते, आणि मालकाच्या मोबाइलवर पैसे वजा झाल्याचा संदेश येतो. हुशार मालक तो संदेश हिशेबासाठी वाचतोच. शिवाय हत्तरगीचा संदेश आला की गाडी अमुक वेळेस निपाणी ओलांडील, हमाल तयार ठेवा, असेही सांगून मोकळा होतो. त्यासाठी निराळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

वखारीतील वाय-फायविषयी थोडे तपशिलाने लिहितो. कारण त्यावर खर्च होतो आणि पुष्कळदा तो वाया जातो. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा परवानामुक्त वापर २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत वापर २०१८ साली खुला झाला. पहिल्या पट्ट्याची लहर दूर जाते व भिंती अधिक भेदते, पण गती कमी. दुसऱ्याची गती अधिक, पण एक-दोन जाड भिंतींत तिचा दम संपतो. पत्र्याचे छप्पर व लोखंडी दरवाजे लहर परतवितात. ओलसर माल ती शोषून घेतो. म्हणून रिकाम्या वखारीत उत्तम चालणारे यंत्र थप्पी आढ्याला लागल्यावर मंद होते. उपाय साधा आहे. यंत्र मेजाखाली किंवा कपाटात न ठेवता उंचावर, मधल्या वाटेच्या रेषेत बसवावे आणि माल भरलेला असताना तपासून पाहावे. लांब वखार असेल, तर एका महागड्या यंत्राऐवजी तारेने जोडलेली दोन साधी यंत्रे बरी. काट्यावरचे वजन जागच्या जागी मोबाइलवर नोंदविता आले, की चिठ्ठीवरून वहीत उतरविताना होणारी चूक आपोआप टळते. ओली चिठ्ठी हरवल्याने शेतकऱ्याशी होणारा वादही टळतो.

देण्याघेण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही; यूपीआय २०१६ साली आले आणि भाजीवालीच्या पाटीपर्यंत पोहोचले. व्यापाऱ्यासाठी त्याहून मोठा बदल डिसेंबर २०१९ मध्ये एनईएफटी आणि डिसेंबर २०२० मध्ये आरटीजीएस अहोरात्र सुरू झाले, हा होय. रविवारी सौदा झाला आणि सोमवारी बँक उघडेपर्यंत माल अडून राहिला, हे कारण आता सांगता येत नाही. परंतु तिजोरी खिशात आली की खिसेकापूही नव्या वेशात येतो. पेढीच्या वाय-फायचा परवलीचा शब्द फळ्यावर लिहून ठेवू नये. गिऱ्हाइकांसाठी निराळे जाळे ठेवावे. बँकेचा ओटीपी कोणासही, घरच्या नोकरासही, सांगू नये. आपले सिमकार्ड अकस्मात बंद पडले, तर जाळ्याचा दोष समजून स्वस्थ बसू नये. दुसऱ्या कोणी त्याच क्रमांकाचे कार्ड काढलेले असू शकते. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसे पुढे सरकण्यापूर्वीच ते अडविता येतात.

दिवाणजींविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेढी बंद झाली की पूर्वी त्यांचा दिवस संपत असे. आता मालकाला रात्री अकरा वाजता एखादी बाकी आठवते आणि त्याच क्षणी दिवाणजींचा मोबाइल वाजतो. मालकाला मिळालेली मोकळीक नोकराच्या जेवणाच्या ताटावरून वसूल करणे न्यायाचे नाही. काही पेढ्यांनी रात्री आठनंतर केवळ वाटेत अडलेल्या गाडीसाठीच फोन करावा, असा नियम घालून घेतला आहे. तो अनुकरणीय आहे.

शेवटी, जेथे जाळे पोहोचत नाही तेथले पाहू. बेळगावहून गोव्याकडे भाजी, दूध व किराणा घेऊन जाणाऱ्या गाड्या चोर्ला घाटाने उतरतात. या दाट रानात पुष्कळ अंतर मोबाइल मुका होतो. खानापूरच्या जंगलपट्टीतही तोच अनुभव. तेव्हा अशा गाडीबरोबर ई-वे बिल व बीजक यांची छापील प्रत द्यावी, घेणाऱ्याचे नाव, पत्ता व दोन क्रमांक कागदावर लिहून द्यावेत, आणि घाट सुरू होण्यापूर्वी चालकाने पेढीला एक फोन करून निघण्याची वेळ कळवावी. ठरलेल्या वेळेत पलीकडून फोन न आल्यास कोणी कोठे चौकशी करावयाची, हेही आधीच ठरवून ठेवावे.