महागडा सी.डी. प्लेयर : किंमत कशाची द्यावी?

भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर येऊन रस्ता बंद पडल्याचे अनेकदा घडले आहे. बिघडलेले यंत्र तेथून शहरात दुरुस्तीला नेणे म्हणजे मोठाच खटाटोप. म्हणून जुना पण भारी प्लेयर खरेदी करताना काय पाहावे, ते आज समजून घेऊ.

सोनीचा पहिला प्लेयर सीडीपी-१०१ ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात १,६८,००० येनला आला. तबकडीला सुई घासत नाही, तेव्हा यंत्रही झिजत नाही, असा समज तेव्हापासून रुजला. तो चुकीचा आहे. वापराने लेसर मंद होतो, भिंगावर धूळ व दमट हवेत बुरशी धरते, ट्रेचा रबरी पट्टा सैल पडतो. पट्टा कोणीही कारागीर बदलील, लेसर पिकअप मात्र त्याच नमुन्याचे लागते. सोनीचे केएसएस-२१३ पिकअप अनेक कंपन्यांनी वापरले, त्यामुळे त्याची निदान नक्कल तरी मिळते. थोड्याच संख्येने निघालेल्या उंची यंत्राचे पिकअप दुसरे जुने यंत्र फोडूनच मिळवावे लागते. फिलिप्सचे सुरुवातीचे धातूचे, काचेच्या भिंगाचे सीडीएम-१ टिकाऊ ठरले, हेही सांगितले पाहिजे.

तबकडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणून भरलेल्या तबकडीचे शेवटचे गाणेही लावून पाहावे. पिकअप मिळण्याची खात्री नसेल, तर आमच्या मते जाड पत्र्याच्या पेटीपुरतेच पैसे द्यावेत आणि स्टॅबिलायझरचा खर्च त्यातून वजा करावा.